रॉथ आयआरएतली जादा रक्कम नुसती काढून भागत नाही

अमेरिकेतल्या मराठी मंडळींत रिटर्न भरायच्या दिवसांत एक संदेश हमखास फिरतो: "रॉथ आयआरएत चुकून जास्त पैसे गेले तर 15 एप्रिलच्या आत भरले तेवढे काढून घ्या, रिटर्नवर काही दाखवू नका. तारीख चुकली तर एकदाच 6 टक्के भरा. 401(के)लाही हेच लागू." रॉथ आयआरए म्हणजे कर भरलेल्या पैशांतून निवृत्तीसाठी स्वतः उघडायचं खातं, आणि 401(के) म्हणजे नोकरीतून मिळणारं निवृत्ती खातं.

यातला एकही सल्ला जसाच्या तसा पाळू नका.

चूक होते कुठे, ते आधी पाहू. 2025 साठी रॉथ आयआरएत भरायची मर्यादा 7,000 डॉलर, पन्नाशी गाठलेल्यांना 8,000. पण नवरा-बायकोने एकत्र रिटर्न भरला आणि उत्पन्न 2,36,000 च्या वर गेलं, की ही मर्यादा घटत जाते आणि 2,46,000 ला शून्य होते. जानेवारीत हौसेने पैसे भरले आणि वर्षअखेरीस बोनस आला, की सगळेच जादा. पुण्यातला फ्लॅट विकून झालेला नफा आणि भारतातल्या एफडीचं व्याजही या उत्पन्नात धरावं लागतं. हे बऱ्याच जणांच्या ध्यानातच नसतं.

"भरले तेवढे काढा." नाही. जादा रकमेवर झालेली कमाईही सोबत काढावी लागते, आणि ती पूर्ण खात्याच्या वाढीच्या प्रमाणात मोजतात. समजा, खात्यात 13,000 होते, तुम्ही 7,000 घातले, एकूण 20,000. काढायच्या दिवशी 22,000 झाले. वाढ दहा टक्के, म्हणून 7,000 वर 700, काढायचे 7,700. खातं 18,000 वर उतरलं असेल तर 6,300 च काढायचे. ब्रोकरकडे साधा पैसे काढण्याचा अर्ज भरू नका. जादा रक्कम परत घेण्याचा अर्ज वेगळा असतो. तो नसेल तर 1099-आर वर (खात्यातून काढलेल्या पैशांचं ब्रोकरकडून येणारं पत्रक) चुकीचा कोड पडतो आणि तो निस्तरायला पुढे महिने जातात.

"रिटर्नवर दाखवू नका." ते 700 करपात्र आहेत, आणि तेही ज्या वर्षी पैसे भरले त्या वर्षात. 2025 मध्ये भरलेले पैसे मार्च 2026 मध्ये काढले, तर 1099-आर येतो जानेवारी 2027 मध्ये, त्यावर पी आणि जे असे कोड असतात, पण उत्पन्न जातं 2025 च्या रिटर्नमध्ये. कागद येईपर्यंत थांबलात तर रिटर्न दुरुस्त करावा लागेल. म्हणून 1040 च्या (रिटर्नचा मुख्य फॉर्म) 4ए ओळीवर 7,700, 4बी वर 700 आणि सोबत दोन ओळींचा खुलासा आत्ताच द्या. या कमाईवर पूर्वी लागणारा जादा 10 टक्के कर डिसेंबर 2022 च्या सिक्युअर 2.0 कायद्याने काढून टाकला.

तारखेचं म्हणाल तर, रिटर्न वेळेत भरला असेल तर 15 ऑक्टोबरपर्यंत मुभा आहे. एप्रिल उलटला म्हणून हातपाय गाळू नका. त्याच मुदतीत ती रक्कम कमाईसह पारंपरिक आयआरएत (जिथे कर सहसा पैसे काढताना लागतो) वळवताही येते.

"एकदाच 6 टक्के." सगळ्यात महागात पडणारं वाक्य हे. जादा रक्कम खात्यात राहील तितकी वर्षं दर वर्षी 6 टक्के दंडाचा कर लागतो: 7,000 वर 420, तीन वर्षं दुर्लक्ष केलंत तर 1,260. हे फॉर्म 5329 च्या चौथ्या भागात मोजून शेड्यूल 2 वर न्यायचं. ऑक्टोबर हुकला तर 2025 चे 420 भरावेच लागतात, पण 31 डिसेंबर 2026 पूर्वी नुसते 7,000 काढले की दुसऱ्या वर्षाचा भुर्दंड टळतो. तेव्हा कमाई काढावी लागत नाही. किंवा पुढच्या वर्षी उत्पन्न मर्यादेत बसलं, तर न काढता ती रक्कम त्या वर्षाच्या कोट्यात जिरवता येते.

401(के)चं गणितच निराळं. तिथे हा 6 टक्के कर नाही आणि ऑक्टोबरची सवलतही नाही. वर्षात नोकरी बदलली असेल तर दोन्ही डब्ल्यू-2 (कंपनीकडून मिळणारी वर्षाच्या पगाराची पत्रकं) शेजारी ठेवा आणि बॉक्स 12 मधल्या डी (करपूर्व) आणि एए (रॉथ) या कोडांपुढचे 401(के)त भरलेले आकडे मिळवा. 2025 साठी, पन्नाशीच्या आतल्यांची बेरीज 23,500 च्या वर गेली, तर मार्चच्या सुरुवातीलाच एका प्लॅनला लेखी कळवा, कारण पैसे 15 एप्रिलच्या आत बाहेर यायला हवेत. करपूर्व भरलेली जादा रक्कम 2025 च्या पगारात मिळवा. तिच्यावरची कमाई मात्र परत मिळेल त्या वर्षी. तारीख गेली तर त्याच डॉलरवर आज एकदा आणि निवृत्तीनंतर पुन्हा एकदा कर बसतो.