बाउले मुखवट्यांवरचा तो फॉरवर्ड, एकेक वाक्य घेऊन

गेल्या महिन्यात मावशीकडे गेले तर हॉलच्या भिंतीवर नुसता खिळा. मुखवटा कुठाय विचारलं तर म्हणाली माळ्यावर टाकलाय पेपरात गुंडाळून, आणि मोबाईल पुढे केला. तोच फॉरवर्ड. माझ्याकडे तोवर तीन-चार ग्रुपमधून येऊन गेला होता आणि मी न वाचता सोडून दिला होता, तेव्हाच उत्तर द्यायला हवं होतं खरं तर.

मुखवटा मावसभावानं आणलेला. तो काजूच्या धंद्यात आहे, आपल्याकडच्या काजू फॅक्टऱ्यांना इथली बी पुरत नाही, बरीचशी आफ्रिकेतून येते आणि त्यात आयव्हरी कोस्टचा वाटा मोठा, त्यामुळे त्याच्या बुआकेला फेऱ्या असतात. बुआके हे तिथल्या मधल्या भागातल्या बाउले लोकांच्या मुलखातलं मोठं शहर, मुखवटा त्यांचाच. 

फॉरवर्डमध्ये काय आहे ते आधी सांगते, म्हणजे ज्यांना आला नाही त्यांनाही कळेल: बाउले जमातीचे हे भुताचे मुखवटे हजारो वर्षांपासून काळ्या जादूला वापरतात, बाहुल्यांना सुया टोचून शत्रूला मारतात, बाईनं मुखवटा बघितला तर ती मरते, टोपीवाले पुतळे गोऱ्या साहेबांवर करणी करायला असतात, हे कोण बनवतं ते कोणालाच माहीत नसतं, आणि घरात असेल तर आजच बाहेर काढा. खाली चार फोटो.

"हजारो वर्षांपासून" हे पटकन संपवते. बाउले लोक स्वतःच सांगतात की त्यांचे पूर्वज अठराव्या शतकात आजच्या घानातून, असांते राज्यातून, राणी आब्ला पोकूच्या मागे पळून आले, कोमोए नदी ओलांडायला तिनं स्वतःचं मूल नदीला दिलं अशी कथा आहे आणि "मूल गेलं" या शब्दांवरूनच बाउले हे नाव पडलं असं सांगतात. शिवाय मावशीकडे आहे तसला गोल चेहऱ्याचा मुखवटा गोली नाचातला, आणि गोली त्यांनी शेजारच्या वान लोकांकडून साधारण 1900 च्या सुमाराला उचलला. म्हणजे सव्वाशे वर्षं. आणि लाकूड आहे ते, तिथल्या दमट हवेत वाळवी काय ठेवते.

"भुताचे मुखवटे" इथे मात्र थांबावंच लागेल, कारण बाउलेंचे सगळ्यात देखणे मुखवटे चक्क ओळखीच्या माणसांचे असतात. म्ब्लो म्हणतात त्या प्रकाराला. गावातल्या एखाद्या बाईचा मान म्हणून तिचा चेहरा कोरून घ्यायचा, आणि गावाच्या करमणुकीच्या नाचात शेवटी तो मुखवटा यायचा. नाचणारा पुरुषच असतो पण जिचा चेहरा ती बाई स्वतः, किंवा तिच्या घरचं कोणीतरी, त्याच्यासोबत नाचात असावं लागतं. मुखवट्याला ती न्दोमा म्हणते, म्हणजे माझी जोडी, माझी प्रतिमा. हुबेहूब चेहरा काढत नाहीत, चांगला माणूस कसा दिसावा तसा काढतात: कपाळ मोठं आणि तुकतुकीत, पापण्या खाली झुकलेल्या, नाक लांब सरळ, तोंड लहान, केसांची रचना अगदी रेघ न रेघ मोजून कोरलेली. ज्याला भूत दाखवायचंय तो पापण्या अशा खाली झुकवेल का?

मोया यान्सो नावाच्या बाईचा असा मुखवटा प्रसिद्ध आहे. 1913 च्या आसपास कोरलेला, आणि 1980 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत नाचात येत होता, म्हणजे मोया यान्सोला वयामुळे नाचात जाणं जमेनासं झालं तोपर्यंत. कला-इतिहासकार सूझन व्होगेल 1971 मध्ये तिथे काम करत होत्या, तेव्हाचा फोटो आहे, म्हातारी झालेली मोया यान्सो बसलीय आणि शेजारी सावत्र मुलाच्या हातात तिचा तरुणपणीचा चेहरा. मी तो फोटो बघून खूप वेळ तशीच बसले होते. आपल्या चेहऱ्याबरोबर जवळजवळ सत्तर वर्षं नाचायचं, याला काळी जादू म्हणणारा मेसेज मला अजिबात सहन होत नाही.

आणि कोरला कोणी हेही माहीत आहे, ओविए किमू. "कोणालाच माहीत नसतं" हे वाक्य इथेच खोटं पडतं. गावात सगळ्यांना ठाऊक असायचं की अमुक माणसाचा हात चांगला आहे, गिऱ्हाईक त्याच्याकडेच जायचं, तो वाकस घेऊन ओंडका तासायला बसायचा आणि बारीक काम सुरीनं करायचा. नाव विचारायचं राहिलं ते युरोपातून विकत घ्यायला येणाऱ्यांचं. वस्तू घेतली, नाव सोडून दिलं, मग पाटीवर "अज्ञात कलाकार" लागलं आणि आता तेच फिरून आपल्याकडे भीती घालायला वापरतात.

आता बाहुल्या आणि सुया. आधी फोटोबद्दल, कारण फॉरवर्डमधला तिसरा फोटो, अंगभर खिळे ठोकलेला पुतळा, बाउलेंचा नाहीच. तो काँगो लोकांचा एन्किसी, आयव्हरी कोस्टपासून दोन हजार किलोमीटरहून लांबचा, आणि तिथेही खिळा ठोकायचा तो शपथ, करार, तंटा पक्का करायला म्हणून. म्हणजे पुण्यातल्या देवळाची बातमी द्यायची आणि फोटो काश्मीरचा लावायचा तसलं काम आहे हे.

बाउलेंचे लाकडी पुतळे कशाला असतात ते ऐका. त्यांच्या समजुतीत माणूस जन्माला येण्याआधी ब्लोलो नावाच्या जगात असतो आणि तिथे त्याचा जोडीदार मागे राहतो. पुरुषाची तिकडची बायको ती ब्लोलो ब्ला, बाईचा तिकडचा नवरा तो ब्लोलो बिआं. इकडे लग्न टिकेना, मूल होईना, काही सरळ होईना की माणूस कोमियेनकडे जातो, कोमियेन म्हणजे देव अंगात येऊन सांगणारा भगत, आणि तो कधी कधी सांगतो की तुझी तिकडची बायको रुसलीय, तिचा पुतळा करून घे. मग ती कशी दिसते, केस कसे, उभी की बसलेली, ते सगळं सांगून पुतळा कोरतात आणि झोपायच्या खोलीत ठेवतात. हात पोटावर, मान लांब, पोटऱ्या गोल भरलेल्या कारण त्या कष्टाळू माणसाच्या. आठवड्यातली एक रात्र तिच्यासाठी, त्या रात्री माणूस एकटा झोपतो आणि ती स्वप्नात येते असं मानतात. पुतळ्याला पुसतात, तेल लावतात, खाऊ ठेवतात, आल्यागेल्याला दाखवत नाहीत. वर्षानुवर्षं हात फिरून लाकूड गुळगुळीत होतं, आपल्या देव्हाऱ्यातल्या टाकांवरची नाकं-डोळी घासून जातात ना तसं. सुई टोचायची तर ती कोणाला, स्वतःच्या बायकोला?

हो, दुसरे पुतळे असतात ज्यांच्यावर रक्त-अंड्याचे थर चढून कवच झालेलं असतं, ते भगताकडचे, आस्ये उसु म्हणजे रानातल्या शक्तींचे. पण गंमत बघा, या शक्ती बेढब आणि अडदांड समजतात आणि पुतळा मात्र सुंदर माणसाचा करतात, म्हणजे त्या खूश होऊन त्यात येऊन बसतील आणि त्रास देणार नाहीत. हे शांत करणं झालं, कोणाला मारणं नाही.

"बाईनं बघितला तर मरते" यात मात्र तथ्य आहे आणि ते मी लपवणार नाही. बोनु आमुइन नावाचे पुरुषांचे मुखवटे आहेत, जनावराच्या तोंडाचे, गावावरचं संकट हटवायला बाहेर येणारे, आणि बायकांनी ते बघणं खरंच जिवावरचं मानतात. पण एक तर ते सगळे मुखवटे नाहीत, गोली आणि म्ब्लो बायका-पोरांसमोर भर दिवसा नाचतात, बायका गातात त्यात. दुसरं म्हणजे बायकांचाही स्वतःचा विधी आहे, आद्यानु, तो पुरुषांनी बघायचा नाही, आणि त्याची ताकद पुरुषांच्या मुखवट्यांपेक्षा जास्त मानतात. गोलीतसुद्धा मुखवटे जोडीजोडीनं चार प्रकारचे येतात, सुरुवातीला क्प्ले क्प्ले, तोच गोल ताटासारखा, सगळ्यात धाकटा, आणि शेवटचा सगळ्यात मानाचा क्पान, तो बाईचा. फॉरवर्ड करणाऱ्यानं अर्धी गोष्ट सांगितली.

टोपीवाल्या पुतळ्यांचं उत्तर मघाशीच येऊन गेलंय. गोल हॅट, सूट, बूट घातलेले ते पुतळे कित्येकदा ब्लोलो बिआंच असतात. तिकडचा नवरा चांगल्या नोकरीचा, पैसेवाला, शहरी दिसावा असं बाईला वाटतं म्हणून त्याला तसे कपडे. फ्रेंचांचा राग त्यांना नव्हता असं नाही, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाउलेंनी त्यांच्याशी वर्षानुवर्षं झुंज दिली आणि त्यात गावंच्या गावं गेली, पण त्या रागाचा या पुतळ्यांशी संबंध जोडायला आधार नाही. नंतर टुरिस्टना असले पुतळे आवडायला लागले तेव्हा बाजारासाठी ढिगानं बनायला लागले ते वेगळं.

राहिलं "घरात असेल तर बाहेर काढा". मावशीला शिडीवर चढून मुखवटा खाली काढून दिला आणि पालथा करून दाखवला. नाचलेल्या मुखवट्याच्या कडेला भोकं असतात, त्यातून गवताच्या तंतूंची झालर बांधतात, आतली बाजू घामानं आणि चेहरा घासून काळी चकचकीत होते, बघायला फटी असतात. मावशीच्या मुखवट्याला कडेला एकही भोक नाही, आतून लाकूड कोरं, वाकसाचे घाव तसेच दिसतायत, आणि मागे टांगायला तारेची कडी. तो कधी कोणाच्या चेहऱ्यावर चढलाच नाही, बुआकेच्या बाजारात भिंतीवर लावायलाच बनलाय. शिंगाच्या टोकाला माळ्यावर थोडा पोपडा उडाला तेवढा, तो मावसभाऊ आला की रंगवून घेऊ म्हणाली.