रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल, तरी मनगट मोडलं कसं?

"आईचं कॅल्शियम ९.४ आलंय, एकदम नॉर्मल. मग हाडांची घनता मोजणारा हा डेक्सा स्कॅन कशाला? पैसे काढायचे धंदे!" पक्याने रिपोर्ट सगळ्यांना दाखवला. काकू घरातल्या घरात घसरल्या आणि मनगट मोडलं.

"बरोबर आहे," बंडू म्हणाला. "रक्तात आहे म्हणजे हाडात असणारच."

मला राहवेना. अरे, तिथेच गफलत आहे. शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत असतं. रक्तात अगदी थोडं, पण हृदय, स्नायू, नसा सगळं त्यावर चालतं. म्हणून ते दर डेसिलिटरला साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅमच्या मध्येच राहावं लागतं. जरा घसरलं की गळ्यात, थायरॉइडच्या मागे, तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात, त्या पीटीएच नावाचं हार्मोन सोडतात. मग मूत्रपिंड लघवीतून जाणारं कॅल्शियम अडवतं आणि ड जीवनसत्त्व कामाला लावतं, त्यामुळे आतडं अन्नातून जास्त कॅल्शियम खेचतं. आणि हाडं? ती झिजून रक्ताची भर करतात. काकूंच्या रिपोर्टातला ९.४ हाडांच्या जिवावर टिकलेला असू शकतो!

"पण कॅल्सिटोनिन ते परत हाडात घालतं ना? बारावीला होतं," बंडूने अडवलं.

होतं, थायरॉइडमधूनच येणारं हार्मोन आहे ते, पण माणसात त्याचा जोर फार नाही. थायरॉइड पूर्ण काढलेल्यांच्या शरीरात ते जवळपास उरत नाही, तरी रक्तातलं कॅल्शियम बिघडत नाही. त्याच ऑपरेशनमध्ये पॅराथायरॉइडना धक्का लागला, तर मात्र एक-दोन दिवसांत ओठांना, बोटांना मुंग्या येतात, हात आखडतात.

"म्हणजे खलनायक पीटीएच?" पक्याने विचारलं.

तसंही नाही, आणि मला यातलं हेच सगळ्यात भारी वाटतं. पीटीएच सतत चढं राहिलं तर हाड झिजतं. पण त्याच हार्मोनचा तुकडा, टेरिपॅराटाइड, रोज एकदा टोचला तर नवं हाड तयार होतं. काकूंच्या बाबतीत मला संशय इस्ट्रोजेन या बायकांच्या हार्मोनच्या कमतरतेचा. हाड खाणाऱ्या पेशींना तेच आवर घालतं, आणि पाळी गेली की ते कमी होतं.

"मग रोज दोन ग्लास दूध पाजतो," पक्या म्हणाला.

पाज, पण ड कमी असेल तर त्यातलं कॅल्शियम आतडं नीट घेणारच नाही. डॉक्टरांना विचारून ड तपास, आणि तो स्कॅन कर. हाडाची घनता त्यातच कळते, रक्ताच्या रिपोर्टात नाही.

"किती वेळ लागतो त्याला?" पक्याने विचारलं.

पंधरा-वीस मिनिटं. उद्याच घेऊन जा.