'स्वच्छ'च्या ताईंना महापालिका पगार देत नाही

"कचरा नेणाऱ्यांना महापालिका पगार देते, मग महिन्याचे पैसे कशाला द्यायचे?" पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर अधूनमधून फिरणारा हा दावा चुकीचा आहे. 'स्वच्छ' ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था. २००८ साली तिचा महापालिकेशी करार झाला. दारोदार फिरणाऱ्या ताई तिच्या सभासद, म्हणजेच मालक. त्यांची कमाई घरटी शुल्कातून आणि वेचलेल्या भंगाराच्या विक्रीतून होते. शुल्क थकवलं की थेट त्यांच्याच पोटावर पाय. महापालिका व्यवस्थापनाला, साधनांना मदत करते, तो पगार नव्हे.

आणि 'यांना काय कळतं' म्हणणाऱ्यांसाठी: वापरलेलं सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायची 'रेड डॉट' मोहीम याच संस्थेची. ठिपका दिसला की पुडी न उघडताच बाजूला काढता येते.