ब्रॅम्प्टनच्या ताईंना उत्तर : ४९ हजार चिनी गाड्या आणि इथली कामं

ताई, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, आज सकाळी पुन्हा वाचली आणि मग लिहायला बसलो. चिनी इलेक्ट्रिक गाड्यांसाठी कॅनडाने दार थोडं उघडलं (वर्षाला ४९ हजार गाड्या कमी शुल्काने, आणि बदल्यात चीनने आपल्या कॅनोलावरचं शुल्क उतरवायचं) ते बरं केलं, असं मी लेखात म्हटलं होतं. त्यावर तुमचे तीन आक्षेप आहेत. सस्कॅचेवान प्रांतातला कॅनोला, म्हणजे तेलबी, खपावी म्हणून गाड्यांचे कारखाने असलेल्या ऑन्टॅरियो प्रांतातला कामगार विकला. जपानी कंपन्यांनी इथे कारखाने काढले, हा मी दिलेला दाखला इथे लागू पडत नाही. आणि ज्याच्या घरी ले-ऑफची चिठ्ठी आली नाही, त्याने यावर शहाणपण शिकवू नये. तुमचे यजमान सतरा वर्षं गाड्यांच्या सीट बनवून पुरवणाऱ्या एका व्हेंडरकडे होते आणि आता घरी आहेत, हेही तुम्ही लिहिलंत.

तिसरा आक्षेप आधी घेतो. इकडे येण्यापूर्वी मी नऊ वर्षं चाकणला गाड्यांचे पत्रे दाबून भाग काढणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये काढली. माझी नोकरी गेली नाही, पण एक मॉडेल बंद झाल्यावर शेजारच्या लाइनवरची माणसं डबे घेऊन शेवटची बाहेर पडताना पाहिली आहेत. मोठ्या कारखान्याची बातमी होते. त्याला सुटे भाग पुरवणाऱ्या पन्नास जणांच्या शॉपची होत नाही. माझ्या लेखातही झाली नाही. मी फक्त असेंब्लीच्या नोकऱ्या मोजल्या, व्हेंडर मोजलेच नाहीत. ही चूक माझी.

पण ऑन्टॅरियोतल्या ब्रॅम्प्टनचं काम चिनी गाड्यांनी नेलं, हे मला मान्य नाही. तारखा बघा. चिनी इलेक्ट्रिक गाड्यांवरचा १०० टक्के अधिभार १ ऑक्टोबर २०२४ ला लागू झाला. इतकी उंच भिंत या देशाने गाड्यांसाठी क्वचितच बांधली असेल. ब्रॅम्प्टनचा, जीप बनवणाऱ्या स्टेलांटिस कंपनीचा कारखाना २०२३ च्या अखेरीस नव्या मॉडेलच्या टूलिंगसाठी, म्हणजे नवे साचे-यंत्रं बसवण्यासाठी, थांबला होता, फेब्रुवारी २०२५ मध्ये ते टूलिंगही थांबवलं, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये स्टेलांटिसने जीप कंपास ही गाडी अमेरिकेतल्या इलिनॉयमधल्या बेल्व्हिडियरला नेत असल्याचं जाहीर केलं. जवळपास तीन हजार माणसांचा प्रश्न. त्याच महिन्यात जनरल मोटर्सने ऑन्टॅरियोतल्याच इंगरसॉलच्या इलेक्ट्रिक व्हॅनचं उत्पादन बंद केलं. २०२५ मधले हे सगळे निर्णय झाले तेव्हा भिंत जागच्या जागी उभी होती. काम गेलं ते दक्षिणेला, एप्रिल २०२५ मध्ये ट्रम्प यांनी गाड्यांवर २५ टक्के शुल्क लावल्यावर. इथे बनणाऱ्या बहुतेक गाड्या अमेरिकेत जातात. १९६५ च्या ऑटो पॅक्टपासून, म्हणजे अमेरिकेशी झालेल्या गाड्यांच्या व्यापार करारापासून, आपण एकाच गिऱ्हाइकासाठी माल काढत आलो, आणि आता ते गिऱ्हाईकच म्हणतं की आमच्या अंगणात येऊन बनवा.

आता जपान. इथे तुम्ही मला बरोबर पकडलंत. झालं होतं ते असं : १९८२ मध्ये व्हँकूवर बंदरात कस्टम्सने जपानी गाड्यांची तपासणी मुद्दाम इतकी संथ केली की धक्क्यावर गाड्यांच्या रांगा साचल्या. जपानने निर्यात आवरती घेतली आणि पुढे ऑन्टॅरियोत १९८६ मध्ये होंडाचा ॲलिस्टनचा, १९८८ मध्ये टोयोटाचा केंब्रिजचा कारखाना सुरू झाला. आज कॅनडात बनणाऱ्या गाड्यांपैकी तीन-चतुर्थांशाच्या आसपास याच दोघांच्या आहेत. म्हणून मी लिहिलं की चिनी कंपन्यांचंही तसंच होईल. ते घाईचं वाक्य होतं. होंडा ॲलिस्टनला आली तेव्हा तिथली गाडी सीमेपलीकडे विकता येत होती. चिनी कंपनी उद्या इथे आली तर तिची गाडी अमेरिकेत जाऊ शकणार नाही, कारण चीनशी संबंधित सॉफ्टवेअर असलेल्या गाड्यांना अमेरिकेने २०२७ च्या मॉडेलपासून बंदी घातली आहे. मग राहते कॅनडाची बाजारपेठ, वर्षाला अठरा-एकोणीस लाख गाड्यांची, तीही डझनभर कंपन्यांत वाटलेली. आणि परकी कारखाना आला म्हणजे टिकतोच असंही नाही. ह्युंदाईने क्वेबेकमध्ये ब्रोमाँटला १९८९ मध्ये सुरू केलेला कारखाना १९९३ मध्ये बंद झाला.

जपानपेक्षा मला हल्ली तळेगाव जास्त आठवतं. जनरल मोटर्सने तिथलं उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबवलं. त्याआधीच चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सशी कारखाना विकण्याचा करार झाला होता. त्याच वर्षी जूनमध्ये गलवान घडलं आणि परवानगी अडकली. दोन वर्षं वाट पाहून २०२२ मध्ये तो करार संपला. पुढे कारखाना ह्युंदाईने घेतला, पण तिथून गाड्या बाहेर पडायला २०२५ उजाडलं. शेड वाट पाहू शकते. ज्याचा घराचा हप्ता चालू आहे त्या माणसाला पाच वर्षं वाट पाहता येत नाही, आणि जुने कामगार कोर्टकचेऱ्याच करत राहिले. चिनी गुंतवणुकीला परवानगी नाकारणं चूक होतं असं मी म्हणत नाही. सीमेवर जवान गेले होते. पण ब्रॅम्प्टनबद्दल जे सरकार उद्या ‘आम्ही पर्याय शोधतो आहोत’ म्हणेल, त्याला तारीख विचारली पाहिजे.

कॅनोलाबद्दल मात्र मी मागे हटणार नाही. आपल्या मोहरीच्याच कुळातलं हे पीक. त्याचं नावसुद्धा कॅनडावरून पडलं. गाड्यांवरच्या भिंतीचा सूड चीनने त्याच्यावर उगवला : मार्च २०२५ मध्ये कॅनोला तेल, पेंड आणि वाटाण्यावर १०० टक्के, ऑगस्टमध्ये बियांवर ७५.८ टक्के. म्हणजे वर्षभर ऑन्टॅरियोच्या भिंतीचं भाडं सस्कॅचेवान भरत होतं, आणि भिंतीने ब्रॅम्प्टन वाचवलं नाही ते नाहीच. जानेवारी २०२६ मध्ये पंतप्रधान कार्नी बीजिंगला गेले तेव्हा ठरलं ते मुख्यतः असं : वर्षाला ४९ हजार गाड्या ६.१ टक्के शुल्काने येतील आणि बियांवरचं शुल्क सुमारे १५ टक्क्यांवर उतरेल. ४९ हजार म्हणजे इथल्या वार्षिक विक्रीच्या तीन टक्क्यांहूनही कमी. शेतकऱ्याला कामगाराविरुद्ध उभं करू नका, ताई. दोघांचंही दुखणं एकच आहे, एका गिऱ्हाइकावर जगणं. चीन भरवशाचा नाही हे तुमचं म्हणणं शेतकऱ्याला तुमच्या-माझ्याआधी कळलं आहे. डिसेंबर २०१८ मध्ये चीनच्या हुआवे कंपनीच्या अधिकारी मंग वानझोऊ यांना व्हँकूवरला अटक झाली आणि काही महिन्यांत चीनने कॅनडाच्या दोन कंपन्यांचा कॅनोला अडवला. दोन कॅनेडियन माणसं तर हजार दिवसांहून जास्त चिनी तुरुंगात होती.

माझी तक्रार करारात जे नाही त्याबद्दल आहे. चिनी कंपन्यांनी इथे भागीदारीत गुंतवणूक करावी, अशी अपेक्षा ओटावाने, म्हणजे कॅनडाच्या सरकारने, बोलून दाखवली आहे. अपेक्षा म्हणजे अट नव्हे. ऑक्टोबर २०२५ मध्ये याच सरकारने इथलं उत्पादन कमी केलं म्हणून अमेरिकेतून बिनशुल्क गाड्या आणण्याची जनरल मोटर्सची मर्यादा २४.२ टक्क्यांनी आणि स्टेलांटिसची ५० टक्क्यांनी कापली. इथे बनवाल तेवढंच इथे बिनशुल्क आणाल, हा साधा हिशेब. तो चिनी कंपन्यांना का नाही? चिनी गाड्यांचा ४९ हजारांचा कोटा पाच वर्षांत ७० हजारांपर्यंत वाढणार आहे. ती वाढ इथल्या सीटला, इथल्या वायरिंगला, इथल्या ॲल्युमिनियमला बांधा. अमेरिकेत गाडी जात नसेल तर निदान इथे विकल्या जाणाऱ्या गाडीतले भाग इथले असू देत. तुमच्या यजमानांच्या शॉपला त्यातून काम मिळू शकतं, आख्ख्या कारखान्याची वाट न बघता. हे मूळ लेखात असायला हवं होतं.

‘चिनी कंपन्यांचंही तसंच होईल’ हे वाक्य आज काढून टाकतो आणि व्हेंडरांबद्दलचा भाग जोडतो. यजमानांना विचाराल का, सीटचं टूलिंग अजून ब्रॅम्प्टनमध्येच आहे की तेही ट्रकवर चढवलं? ते जागेवर असेल तर वरचा सगळा हिशेब अजून मांडता येतो.