खुलासा: दहा वर्षांच्या आकड्यांवरून काढलेला महागाईचा गुणांक ‘अनभिनत’ नसतो

पुण्यातल्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘लीस्ट स्क्वेअर्सचा अंदाज अनभिनत असतो. दहा वर्षांच्या तिमाही आकड्यांवरून महागाईच्या चिवटपणाचा गुणांक ०.८१ आला, तर तोच खरा धरा.’ (लीस्ट स्क्वेअर्स म्हणजे चुकांच्या वर्गांची बेरीज सर्वात कमी ठेवून आकड्यांना रेषा बसवण्याची पद्धत; अनभिनत म्हणजे सरासरीने खऱ्या किमतीइतकाच येणारा; चिवटपणाचा गुणांक म्हणजे एका तिमाहीतल्या महागाईचा किती भाग पुढच्या तिमाहीत टिकतो, तो आकडा.)

हे चूक आहे, आणि प्रबंधांत उतरू लागलं तर नुकसान मोठं आहे. अनभिनततेसाठी स्पष्टीकरण देणाऱ्या चलाचा कुठल्याही काळातल्या त्रुटीशी संबंध नसावा लागतो. इथे ते चल म्हणजे मागच्या तिमाहीची महागाईच. आजचा धक्का, म्हणजे आजची त्रुटी, पुढच्या तिमाहीत त्याच चलात शिरतो, मग अट टिकणार कशी?

ही गोष्ट नवी नाही. १९५४ मध्येच संख्याशास्त्रज्ञ केंडल यांनी, आणि मॅरियट व पोप या जोडीने, सरासरीही त्याच आकड्यांतून काढली असता अंदाज किती खाली येतो, ते दाखवलं: खऱ्या गुणांकाच्या तिपटीत एक मिळवा आणि निरीक्षणांच्या संख्येने भागा. खरा गुणांक ०.९ आणि तिमाह्या ४० असतील, तर घट सुमारे ०.०९. म्हणजे हातात सरासरीने ०.८१च येणार! फरक किरकोळ वाटतो, पण ०.९ला धक्का निम्मा व्हायला साडेसहा तिमाह्या लागतात, ०.८१ला जेमतेम सव्वातीन.

निरीक्षणं वाढली की अभिनती, म्हणजे अंदाजाची ही सरासरी घसरण, घटते, हे खरं. पण त्याच दहा वर्षांचे मासिक आकडे घेऊन ती फारशी सुटत नाही, कारण मासिक गुणांक एकच्या आणखी जवळ जातो. केंडलची दुरुस्ती (वरच्या सूत्राने येणारी घट अंदाजात परत मिळवणं) किंवा बूटस्ट्रॅप (हातातल्या आकड्यांवरून पुन्हा पुन्हा कृत्रिम नमुने काढून अभिनती मोजणं) वापरा, आणि मूळ अंदाजही शेजारी छापा.