तो वरचा एक टक्का

आलं भाडेवाढीचं पत्र. पांढरं लांबुडकं पाकीट, आत चार पानं. पहिल्या पानावर सोफ्यावर हसत बसलेलं कुटुंब आणि त्यांच्या मागे दुधासारखी पांढरी भिंत. (ही भिंत आमच्या घरमालक संस्थेच्या नेमक्या कुठल्या घरात आहे, ते मला एकदा दाखवाच.) मग काळ किती कठीण आहे याची त्यांना कशी जाणीव आहे वगैरे दोन परिच्छेद. खरी गोष्ट तिसऱ्या पानावर, तळाला. ६ एप्रिल २०२६ पासून तुमचं आठवड्याचं भाडं १३३.०३ पाउंडांऐवजी १३९.४२ पाउंड.

६ एप्रिल म्हणजे ईस्टरचा सोमवार. ऑफिस बंद, फोन बंद, दुरुस्तीवाले छतातून धबधबा कोसळत असेल तरच येणार. भाडं तेवढं सुट्टीच्या दिवशीही वाढतं.

लंडनमध्ये हाउसिंग असोसिएशनच्या, म्हणजे कमी भाड्यात घरं देणाऱ्या संस्थेच्या, या घरात येऊन मला पंचवीस वर्षं झाली. मुंबईच्या नणंदेला अजून वाटतं की हे घर फुकट आहे. "तुमचं काय बाई, सरकार पोसतंय." अगं, कोण पोसतंय? शाळेच्या किचनमध्ये तीनशे पोरांना वाढून, हात भाजून घेऊन जे मिळतं, त्यातून भरते मी हे भाडं. थोडा हातभार युनिव्हर्सल क्रेडिटचा, म्हणजे कमी कमाईवाल्यांना मिळणाऱ्या सरकारी मदतीचा. तोही आता कसा मिळतो ते पुढे सांगते.

आधी भाड्यातली ही ४.८ टक्क्यांची वाढ आली कुठून ते बघा. इंग्लंडमध्ये सामाजिक घरांचं, म्हणजे आमच्यासारख्या कमी भाड्याच्या घरांचं, भाडं दर एप्रिलला किती वाढवता येईल याला सरकारी सूत्र आहे. आदल्या सप्टेंबरचा महागाईचा दर, म्हणजे सीपीआय, अधिक एक टक्का. २०२५ च्या सप्टेंबरात महागाई होती ३.८. अधिक एक, झाले ४.८. सूत्र म्हणतं "जास्तीत जास्त", पण जास्तीत जास्तच्या खाली थांबलेली संस्था मी तरी पाहिली नाही.

महागाई मला समजते हो. प्लंबर महागला, विमा महागला, बॉयलरचे पार्ट महागले, मान्य. ३.८ वाढली तर ३.८ घ्या. हा वरचा एक कशाचा? आपल्याकडे भाजीवाली वरून चार काड्या कोथिंबीर टाकते ती आपल्या पिशवीत टाकते. हे लोक वरची कोथिंबीरसुद्धा आमच्याच पिशवीतून काढून नेतात.

उत्तर ठरलेलं आहे. त्या एका टक्क्यातून जुन्या घरांची डागडुजी करायची, नवी घरं बांधायची. बांधा ना! इथे लाखो कुटुंबं वेटिंग लिस्टवर आहेत, त्यांना घर मिळू नये असं मी कशाला म्हणेन? पण देशाला घरं हवीत तर देशाने पैसे घालावेत. देशातल्या गरिबातल्या गरीब भाडेकरूच्या पाकिटातून दर सोमवारी काढायचे आणि वर त्याला गुंतवणूक म्हणायचं? माझी गुंतवणूक असेल तर माझा हिस्सा कुठे आहे?

माझी जुनी पत्रं मी डब्यात ठेवली आहेत, बिस्किटांच्या. काल ती सगळी टेबलावर मांडली. २०२३ च्या मार्चमध्ये मी ११२.४० भरत होते. त्या एप्रिलला ७ टक्के. २०२४ ला ७.७. २०२५ ला २.७, आणि तेव्हा आम्ही सगळ्यांनी सुटलो म्हणून चहा प्यायला. आता ४.८. चार पत्रांत ११२.४० चे १३९.४२ झाले. आठवड्याला सत्तावीस पाउंड जास्त, वर्षाला चौदाशेच्या वर. घर तेच, खोल्या त्याच, बाथरूमचा गळका नळही तोच.

आणि तो २०२३ चा ७ टक्क्यांचा प्रकार! आदल्या सप्टेंबरात महागाई १०.१ होती, म्हणजे सूत्राने ११.१ निघाले असते. सरकारने ७ वर रोखलं. बरं झालं, नाही कशी म्हणू. पण त्या वर्षीचं पत्र अजून जपून ठेवलंय मी. जणू संस्थेनेच खिशातून चार टक्के मला भेट दिलेत, असा सूर. गळा दाबणाऱ्याने एक बोट सैल केलं की पाया पडायचं का त्याच्या?

पगाराचं काय? या एप्रिलला किमान वेतन तासाला १२.२१ वरून १२.७१ पाउंड होतंय. टक्केवारी काढली मी, ४.१. भाडं ४.८. माझा पगार कधी "महागाई अधिक एक" असा वाढल्याचं पत्र आलं नाही मला. सोफ्यावरच्या कुटुंबाचा फोटो लावून तर नाहीच.

दुष्काळात तेरावा महिना ही म्हण आपण सगळ्यांनी ऐकली आहे. इथे त्रेपन्नावा आठवडा असतो. भाडं दर सोमवारी लागतं, आणि २०२४-२५ मध्ये १ एप्रिलही सोमवार, पुढच्या साली ३१ मार्चही सोमवार. मोजा, त्रेपन्न सोमवार. युनिव्हर्सल क्रेडिटवाले मात्र वर्षाचे आठवडे बावन्नच धरतात. त्रेपन्नावा आठवडा त्यांच्या हिशेबात जन्मालाच येत नाही, माझ्या खात्यावर मात्र थकबाकी म्हणून लाल अक्षरात येतो. मी फोन केला तर पलीकडची पोरगी म्हणते, "कॅलेंडरच तसं आहे." म्हणजे चूक हे कॅलेंडर लावून देणाऱ्या पोप ग्रेगरीची!

शिवाय मुलगा नोकरीसाठी मँचेस्टरला गेला त्या दिवसापासून त्याची खोली "जादा" झाली. २०१३ पासूनचा नियम, एक खोली जादा असेल तर भाड्याचे १४ टक्के मदतीतून कापायचे. भाडं वाढलं की हे १४ टक्केही वाढतात. मग लहान घर द्या म्हटलं, तर लहान घरं नाहीत. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना. आणि नवीन भाडं युनिव्हर्सल क्रेडिटच्या ऑनलाइन खात्यात, त्याला ते जर्नल म्हणतात, आपणच कळवायचं. पत्र फेब्रुवारीत हातात, पण एप्रिल उजाडेपर्यंत कळवायचं नाही, आणि उजाडल्यावर विसरलात तर तुमचंच नुकसान.

आता सगळ्यात राग कशाचा येतो ते सांगते. सरकारने २०२५ च्या जूनमध्ये हे "अधिक एक" एकदम दहा वर्षांसाठी पक्कं केलं. एप्रिल २०२६ पासून. संस्थांना "स्थैर्य" हवं म्हणून. मी वहीत मांडून पाहिलं. महागाई अगदी शहाण्यासारखी दोन टक्क्यांवर राहिली असं धरू. तरी २०३५ मध्ये माझं भाडं १८२ पाउंडांच्या आसपास. नुसत्या महागाईने वाढलं असतं तर १६७ च्या आत. वरच्या एकाचे आठवड्याला पंधरा पाउंड. तेव्हा मी सदुसष्ट वर्षांची असेन. स्थैर्य त्यांना, आणि मी दर फेब्रुवारीत पाकीट फोडताना देवाचं नाव घ्यायचं.

संस्थांची बाजूही मला माहीत आहे, उगाच एकतर्फी बोलत नाही. मागेही दहा वर्षांचं असंच वचन मिळालं होतं, २०१५ पासूनचं. ते वर्षाच्या आत मोडलं आणि २०१६ पासून चार वर्षं भाडी दरवर्षी एक टक्का उतरवायला लावली. त्यांचं गणित कोलमडलं, हे खरं. पण ती उतरवली ती काही आमच्या प्रेमापोटी नाही. भाड्याला मदत देण्याचा सरकारचा खर्च कमी व्हावा म्हणून. उतरवताना सरकारचा खिसा, चढवताना संस्थेचा खिसा. भाडेकरूच्या खिशाकडे बघून हा आकडा ठरला, असं मला तरी एकदाही दिसलं नाही.

बरं, पैसे घेऊन काम करतात का? मागच्या खोलीत माझा देव्हारा आहे. गेल्या नोव्हेंबरात तो हलवला तर मागे भिंतभर काळी बुरशी. देवांच्या पाठीशी! इकडे रॉचडेलमध्ये २०२० च्या डिसेंबरात अवाब इशाक नावाचं दोन वर्षांचं बाळ अशाच बुरशीच्या घरात राहून दगावलं. त्याच्या नावाने कायदा झाला, ऑक्टोबर २०२५ पासून सामाजिक घरांना लागू आहे. ओल-बुरशीची गंभीर तक्रार आली की दहा कामाच्या दिवसांत तपासणी. आमच्याकडे माणूस नवव्या दिवशी आला. टॅबवर फोटो काढले, नाकाला रुमाल लावला आणि विचारलं, "तुम्ही खूप उकळत्या गोष्टी शिजवता का? भांड्यावर झाकण ठेवत जा." मला! चाळीस वर्षं कुकर लावणाऱ्या बाईला झाकण शिकवतोय! दोन दिवसांनी लेखी अहवाल: घरात वाफ साठते, भाडेकरूला सल्ला दिला. कायदा पाळला गेला. भिंत तशीच.

मी लालबागच्या चाळीत वाढले. तिथली भाडी जुन्या भाडे कायद्याने १ सप्टेंबर १९४० च्या दरावर गोठवलेली होती. सप्टेंबर माझ्या पाठीच लागलाय बहुतेक. बाबा मालकाकडे जायचे, जिना हलतोय म्हणून. मालक म्हणायचा, "एवढ्याशा भाड्यात काय ताजमहाल पाहिजे?" आम्हाला त्याचा संताप यायचा. पण आता वाटतं, त्या माणसाकडे कारण तरी होतं. आमच्या मजल्याचं महिन्याचं भाडं गोळा केलं तरी त्यात सिमेंटची गोणी आली नसती. तिथे भाडं वाढत नव्हतं म्हणून दुरुस्ती नाही. इथे दरवर्षी वाढतं, महागाईच्या वर वाढतं, आणि दुरुस्ती तरीही नाही. मग इथल्या मालकाचं कारण काय?

आणि चौथं पान राहिलंच. सर्व्हिस चार्ज. त्याला ते "अधिक एक"चं कुंपणसुद्धा नाही. ८.९० चा १३.६० केलाय. जिन्याची सफाई आणि जिन्यातले दिवे. दुसऱ्या मजल्यावरचा दिवा दिवाळीपासून गेलाय, तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा मोबाइलच्या उजेडात चढतात. हिशेब मागायचा हक्क आहे म्हणून लेखी मागितला. पीडीएफ आली, तिच्यात एक ओळ: "सामाईक जागेची स्वच्छता", पुढे आकडा. गल्लीतला वाणीसुद्धा याहून बरी चिठ्ठी देतो.

पत्र आलं त्याच दुपारी मोबाइलवर सर्वेक्षण आलं. तुमची संस्था तुमचं म्हणणं ऐकून त्यावर कृती करते, याबाबत तुम्ही किती समाधानी आहात? एक ते पाचमधला आकडा दाबा. मी शून्य शोधत होते. शून्याची सोयच नाही, कमीत कमी एक. दाबला. तिथेही घेतलाच त्यांनी माझ्याकडून एक.