आमदारांनी प्रश्न विचारला होता, आम्हाला कळलंच नाही

एप्रिल २०२५ चा शेवटचा आठवडा, आणि मला इथल्या आमदारबाईंचा ईमेल आला. इथे म्हणजे अमेरिकेतलं वॉशिंग्टन राज्य, मी सिॲटलजवळ राहतो, विधिमंडळ ऑलिंपियाला. एक वर्ष १०५ दिवस आणि दुसऱ्या वर्षी ६० दिवस असं त्यांचं नियमित अधिवेशन असतं, त्या वर्षीचं २७ एप्रिलला संपणार होतं, आणि त्याच्या तोंडावर बाईंनी लिहिलं होतं की बजेटचं घोडं कुठे अडलंय, कोणत्या बिलाला त्यांनी हो म्हटलं, कोणत्याला नाही आणि का. स्वतःचं एक बिल मुदतीत कमिटीतून बाहेर पडलं नाही म्हणून त्या वर्षी गेलं, हेसुद्धा. मी ग्रीन कार्डवाला, मला इथे मत नाही, तरी मेल येतो कारण मी त्यांच्या मतदारसंघात राहतो, बस एवढंच.

मला नागपूर आठवलं. बाबांचं घर विधानभवनापासून स्कूटरने वीस-पंचवीस मिनिटं, पण डिसेंबरमध्ये अधिवेशन सुरू झालंय हे त्यांना कळतं ते बॅरिकेड्समुळे. मोर्चे मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला अडवतात मग बँकेत जायला पूर्ण फेरा. आणि चौकात होर्डिंग, सर्व मान्यवरांचे संत्रानगरीत हार्दिक स्वागत, खाली तीस फोटो. आत काय चाललंय ते त्या होर्डिंगवर एका ओळीत तरी लिहा ना.

दरवर्षी आपल्याकडे वाद होतो तो दिवसांचा. १९५३ च्या नागपूर करारात वर्षातून एक अधिवेशन नागपूरला घ्यायचं ठरलं, विदर्भाचे प्रश्न तिथेच बसून सुटावे म्हणून, आणि २०२४ ला ते झालं १६ ते २१ डिसेंबर, सहा दिवस. २०२० आणि २०२१ ला तर नागपूरला झालंच नाही. दिवस वाढले पाहिजेत, मी शंभर टक्के त्या बाजूने आहे. पण जे दिवस होतात त्यांचा हिशोब आपण मागतो का? माझ्या आमदाराने किती प्रश्न टाकले, किती स्वीकारले गेले, प्रश्नोत्तराच्या तासात किती पुकारले गेले, लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना) लागली की राहिली, पुरवणी मागण्यांमध्ये, म्हणजे बजेटनंतर मागितलेल्या जादा पैशात, आपल्या भागासाठी काय आलं, मंत्र्यांनी सभागृहात काय आश्वासन दिलं. हे कळलं तर सहा दिवस कमी पडतात हे लोकांनाच दिसेल, त्यांना वेगळं पटवावं लागणार नाही.

नागपूरला आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे वस्तीत, गडर लाइन (सांडपाण्याची) नाही, पावसाळ्यात सेप्टिक टँक भरून वाहतात. बाबा फोनवर म्हणाले, "कोणी काही विचारूनच नाही राहिलं तिथं." मला राहवलं नाही, रात्री बसून महाराष्ट्र विधिमंडळाच्या वेबसाइटवर तारांकित प्रश्नांच्या (ज्यांना मंत्री सभागृहात उत्तर देतात) याद्या उघडल्या, एकामागून एक पीडीएफ, शोधायची सोय नाही, डोळ्यांनी वाचत जायचं. दीड तासाने सापडला. आमच्याच आमदारांचा प्रश्न, आमच्याच भागातल्या गडर लाइनचा! खाली उत्तर, (१) हे अंशतः खरे आहे, (२) काम प्रस्तावित आहे, (३) प्रश्न उद्भवत नाही. म्हणजे माणसाने काम केलं होतं, सरकारकडून लेखी उत्तर आणलं होतं, आणि ज्यांच्यासाठी केलं त्यांना पत्ताच नाही. मला खरंच वाईट वाटलं, आमदारांसाठी पण आणि बाबांसाठी पण.

इथलं सगळं उत्तम असं मी म्हणत नाही. इथेही शेवटच्या दिवसांत मध्यरात्रीपर्यंत मतदान चालतं आणि बाईंच्या मेलमध्ये आपल्या पक्षाचं कौतुक असतंच. शिवाय इथे एका मतदारसंघात दीड-पावणेदोन लाख माणसं, त्यांना दोन प्रतिनिधी आणि एक सिनेटर, आपल्याकडे २०११ च्या जनगणनेने धरलं तरी एका आमदारामागे जवळपास चार लाख. आणि आपला आमदार रात्री अकराला फोन उचलतो, मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी दवाखान्यात, बेड मिळवून देतो, लग्नाला येतो, तेराव्यालाही येतो. शेजारच्या काकूंच्या वेळी मी हे पाहिलंय, ते कमी लेखायचं नाही. पण हे करणाऱ्या माणसाला अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी एक पान व्हॉट्सॲपवर पाठवणं जड आहे का? स्वीय सहायक प्रत्येक आमदाराकडे असतो, वाढदिवसाचे मेसेज तर न चुकता येतात. त्या पानात आमचं हे झालं, हे राहिलं, याला मी विरोध केला, एवढं लिहा. राहिलं हे लिहिताना लाज वाटायचं कारण नाही, इथे मला त्या मेलमधल्या पडलेल्या बिलानेच बाईंवर विश्वास बसला.

ती पीडीएफ मी बाबांना पाठवली, त्यांनी लेआउटच्या ग्रुपवर टाकली. सकाळी उठलो तर चाळीसेक मेसेज, एका काकांनी विचारलं होतं की अंशतः म्हणजे नेमकं कोणती गल्ली खरी आणि कोणती नाही. रविवारी चौघेजण त्या उत्तराची प्रिंट घेऊन आमदारांच्या ऑफिसात जाणार आहेत, काम कधी सुरू होणार ती तारीख विचारायला. बाबांनी प्रश्नाचा नंबर कॅलेंडरवर लिहून ठेवलाय.